६४ जीबी रॅम असूनही महिनाअखेरीस डेटाबेस का कोसळतो?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती तुमच्या लगेच लक्षात येईल. निपाणीला मुख्यालय आणि चिकोडी, संकेश्वर, अथणीपासून खानापूरपर्यंत १८ शाखा असलेल्या तुमच्या सौहार्द पतसंस्थेचा सगळा हिशेब लिनक्सवरील एकाच पोस्टग्रेस १६ (डेटाबेस सॉफ्टवेअर) सर्व्हरवर चालतो. त्याला ६४ जीबी रॅम व एसएसडी डिस्क आहे, डेटाबेसचा आकार १४० जीबी आहे आणि ॲप्लिकेशन वेगळ्या यंत्रावर आहे. कोणीतरी सांगितल्यावरून तुम्ही शेअर्ड बफर्स (डेटाबेसने स्वतःसाठी राखलेली सामायिक मेमरी) ४८ जीबी, वर्क मेम (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सोडवताना लागणारी मेमरी) २५६ एमबी आणि कनेक्शनची कमाल मर्यादा ४०० ठेवली; त्यांपैकी सुमारे २२० कनेक्शन दिवसभर उघडी असतात. सर्व्हर नव्याने सुरू केला की दोन-तीन दिवस सारे सुरळीत चालते, पण महिनाअखेरीस तीन-चार शाखांनी एकाच वेळी शिल्लक यादी मागितली की लिनक्स एक प्रक्रिया मारून टाकते, सर्व शाखांची कनेक्शन तुटतात आणि पिग्मी (रोजची बचत गोळा करणाऱ्या) एजंटांची रांग खिडकीपाशी ताटकळत राहते. संस्थेने रॅम १२८ जीबी करावी का, असे तुम्ही विचारले आहे.

आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे मेमरी कमी नाही. ती चुकीच्या ठिकाणी बांधून पडली आहे. ती नेमकी कुठे गेली याचा हिशेब लावल्याशिवाय १२८ जीबी घेतलीत, तर तीही तशीच अडकेल आणि संचालक मंडळापुढे तुम्हाला पुन्हा उभे राहावे लागेल.

४८ जीबीच्या आकड्यापासून सुरुवात करू. ‘रॅमच्या ७५ ते ८० टक्के डेटाबेसला द्या’ हा सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या घरचा आहे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधील इनोडीबी हे इंजिन बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅशे (डिस्कवरील डेटाची रॅममधील प्रत) टाळून थेट डिस्कशी बोलेल अशा रीतीने चालवले जाते. म्हणून तिथे स्वतंत्र सर्व्हरवर बफर पूलला (तिथल्या शेअर्ड बफर्सना) ८० टक्क्यांपर्यंत रॅम देण्याची शिफारस आहे. पोस्टग्रेस १६ मात्र आपली पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) लिनक्सच्या मार्फतच वाचतो व लिहितो. त्यामुळे एकच पान शेअर्ड बफर्समध्येही असते आणि लिनक्सच्या पेज कॅशेतही असू शकते. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत शेअर्ड बफर्सची सुरुवात रॅमच्या २५ टक्क्यांपासून करावी आणि ४० टक्क्यांच्या पुढे नेऊन सहसा जास्त लाभ होत नाही, असे म्हटले आहे ते याच कारणासाठी. राहिलेली रॅम वाया जात नाही. ती लिनक्सच्या हातून तुमच्याच डेटाबेसच्या कामी येते. ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरातील मोकळ्या मेमरीचा छोटा आकडा पाहून अनेकजण घाबरतात, पण पाहायचा असतो तो ‘अव्हेलेबल’ या स्तंभातील आकडा.

आता वर्क मेमकडे वळू. या एका शब्दाने जितके सर्व्हर पाडले असतील तितके दुसऱ्या कशाने पाडले नसतील, असे मला वाटते. हा आकडा संपूर्ण सर्व्हरचा नाही, एका कनेक्शनचा नाही, एका क्वेरीचाही नाही. क्वेरीच्या आत होणाऱ्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावणे) आणि प्रत्येक हॅशला (जुळणी वा गटवारीसाठीचा तात्पुरता तक्ता) तेवढी मेमरी घेण्याची मुभा असते. शिवाय पोस्टग्रेस १५ पासून हॅशसाठी ही मर्यादा मूळच्या दुप्पट असते, म्हणजे तुमच्याकडे ५१२ एमबी. क्वेरी समांतर चालली तर मुख्य प्रक्रियेच्या जोडीला सामान्यतः दोन कामगार प्रक्रिया येतात आणि प्रत्येकीचा वाटा वेगळा धरावा लागतो. तुमच्या शिल्लक यादीत एक सॉर्ट व एक हॅश आहे असे धरले, तर २५६ अधिक ५१२, गुणिले ३, म्हणजे २३०४ एमबी. एका यादीला सव्वादोन जीबी.

४८ जीबी वगळता १६ जीबी उरतात. या हिशेबाने सातव्या यादीपर्यंत सर्व्हरने तग धरायला हवा होता. पण तुम्ही लिहिता की तो तीन-चार यादींतच कोसळतो, तेही नव्याने सुरू केल्यावर लगेच नव्हे, दोन-तीन दिवसांनी. तुमच्या पत्रातील ही दोन वाक्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण मेमरीची जी गळती सहसा कोणी पाहत नाही तिच्याकडे ती बोट दाखवतात.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया असते. शेअर्ड बफर्स सर्वांचे मिळून एकच असले, तरी त्यांतील कोणते पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंदवही लिनक्स प्रत्येक प्रक्रियेसाठी वेगळी ठेवते. तिला पेज टेबल म्हणतात. रॅमचे नेहमीचे पान ४ केबीचे आणि त्याची नोंद ८ बाइटची असते. ४८ जीबीची अशी सव्वा कोटीहून अधिक पाने होतात, म्हणजे एका प्रक्रियेची नोंदवही पूर्ण भरली तर ती ९६ एमबीची होते. प्रक्रिया ज्या पानाला स्पर्श करते त्याचीच नोंद होते, म्हणून सुरुवातीला वही कोरी असते. पण तुमच्या ॲप्लिकेशनची २२० कनेक्शन दिवसेंदिवस उघडी राहतात आणि हळूहळू सगळीकडे फिरतात. त्यांनी सरासरी निम्म्या बफरला जरी हात लावला, तरी ४८ एमबी गुणिले २२०, म्हणजे १० जीबीच्या वर मेमरी निव्वळ नोंदवह्यांत जाते. मग १६ पैकी उरतात जेमतेम ६, आणि सव्वादोन जीबीची तिसरी यादी त्यांत मावत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळ्या वह्या कोऱ्या होतात, म्हणून दोन-तीन दिवस बरे जातात.

हे माझ्या शब्दावर मानू नका, पडताळून पाहा. सर्व्हर तीन दिवस चाललेला असताना ‘प्रोक’ या निर्देशिकेतील ‘मेमइन्फो’ फाइल उघडून ‘पेजटेबल्स’ ही ओळ वाचा. तिथे काही जीबींचा आकडा असेल तर माझे निदान बरोबर आहे. काही शे एमबीच असेल तर दोष दुसरीकडे शोधावा लागेल. सर्व्हर पडतो त्या वेळची कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंदही काढून ठेवा. लिनक्सने एकच प्रक्रिया मारली तरी सर्व शाखा का तुटतात, याचे कारण असे की अचानक मेलेल्या प्रक्रियेने सामायिक मेमरी अर्धवट अवस्थेत सोडली असण्याचा धोका पोस्टग्रेस पत्करत नाही. तो सर्व प्रक्रिया बंद करून बदलांच्या लॉगवरून (याला वॉल म्हणतात) स्वतःला पुन्हा उभा करतो. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या यंत्राने असेच वागायला हवे.

यावरचा उपाय दोन भागांत आहे. शेअर्ड बफर्स १६ जीबीवर आणा आणि ते ह्यूज पेजेसवर ठेवा. ह्यूज पेज २ एमबीचे असते. १६ जीबीची केवळ ८१९२ पाने होतात आणि एका प्रक्रियेची नोंदवही ६४ केबीत आटोपते. बफरखेरीज इतरही थोडी सामायिक मेमरी लागते, म्हणून ह्यूज पेजेस नेमकी किती राखून ठेवायची तो आकडा अंदाजाने लिहू नका. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस स्वतःच तो सांगतो. ‘ह्यूज पेजेस’ हे सेटिंग मूळच्या ‘ट्राय’वर न ठेवता ‘ऑन’ करा. ‘ट्राय’ असताना पाने मिळाली नाहीत तर डेटाबेस मुकाट्याने जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि आपण भ्रमात राहतो. ‘ऑन’ असताना तो सुरूच होत नाही, त्यामुळे चूक त्याच क्षणी समोर येते.

दुसरा भाग कनेक्शनचा आहे, आणि तो आपल्या भागातल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज पडू नये. गळीत हंगामात शिवारातला सगळा ऊस एकाच दिवशी कारखान्यावर नेता येत नाही. गव्हाणीची क्षमता ठरलेली असते, म्हणून तोडीच्या चिठ्ठ्या दिल्या जातात. चिठ्ठ्या न देता सगळे ट्रॅक्टर आवारात सोडले, तर गाळप वाढत नाही, ऊस मात्र वाळतो. डेटाबेसच्या दारातही चिठ्ठ्या देणारा कोणीतरी बसवावा लागतो. पोस्टग्रेससाठी हे काम पीजीबाउन्सर नावाचे सॉफ्टवेअर चांगले करते. ॲप्लिकेशनची २२० कनेक्शन त्याच्याकडे येऊ द्या आणि पुढे डेटाबेसकडे ४० च जाऊ द्या. व्यवहारनिहाय पूलिंग (प्रत्येक व्यवहारापुरतेच कनेक्शन देणे) निवडलेत तर ॲप्लिकेशन सत्राच्या पातळीवर काही सेटिंग बदलते का किंवा सत्रभर टिकणारी कुलुपे वापरते का, हे विक्रेत्याला आधी लेखी विचारून घ्या, कारण अशा गोष्टी त्या पद्धतीत भरवशाच्या राहत नाहीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) वापरात असतील तर पीजीबाउन्सर १.२१ किंवा त्यानंतरचा घ्या.

वर्क मेम सर्वांसाठी १६ एमबी करा. खात्याचा उतारा, पिग्मीची नोंद, मुदत ठेवीची पावती यांना त्याहून अधिक क्वचितच लागते. अहवालांसाठी वेगळा डेटाबेस वापरकर्ता तयार करा, त्याच्यापुरते वर्क मेम १२८ एमबी ठेवा आणि पीजीबाउन्सरमध्ये त्याला तीनच कनेक्शन द्या. मग चौथ्या शाखेची यादी थोडी थांबेल, पण कोणाचा व्यवहार तुटणार नाही. आता बेरीज करून पाहा. बफरचे १६, चाळीस कनेक्शनचे ढोबळ मानाने २, तीन यादींचे साडेतीन, ऑटोव्हॅक्यूमच्या (जुन्या ओळींची आपोआप सफाई) तीन कामगारांना प्रत्येकी ५१२ एमबी म्हणजे दीड, आणि इंडेक्स (शोधसूची) बांधण्यासारख्या देखभालीला १. एकूण २४ जीबी होतात. क्वेरीत एकाहून अधिक सॉर्ट असू शकतात म्हणून आणखी ६ जीबी सोडले, तरी निम्म्याहून अधिक रॅम लिनक्सच्या कॅशेला मिळते. इफेक्टिव्ह कॅशे साइज ४० जीबी लिहा. हे सेटिंग मेमरी अडवत नाही. किती डेटा कॅशेत सापडण्याची शक्यता आहे याचा अंदाज ते फक्त प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) देते.

एक जुनी चूक इथे सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याची ऊसबिले रखडली होती आणि शेतकरी कार्यालयात बसून होते. घाईत मी वर्क मेम सर्वांसाठी एका जीबीवर नेले. पहिले बिल झरझर निघाले, सर्वांना हायसे वाटले, आणि दुपारी सगळ्या गटांची बिले एकदम सुरू होताच सर्व्हर पडला. एका क्वेरीवर केलेली चाचणी गर्दीबद्दल काहीच सांगत नाही, हे त्या दिवशी मला शेतकऱ्यांच्या खर्चाने कळले आणि त्याचे वाईट आजही वाटते. तेव्हापासून मी एका वेळी एकच सेटिंग बदलतो, बदलाची तारीख वहीत लिहितो आणि गर्दीचा एक दिवस जाईपर्यंत पुढचे सेटिंग बदलत नाही.

इथपर्यंतच्या उपायांनी सर्व्हर पडणे थांबेल. यादी लवकर निघायला लागेल असे मात्र नाही, कारण यादी मंद असण्याचे मूळ मेमरीत नाही.

तुम्ही पाठवलेल्या क्वेरीत प्रत्येक खात्याची शिल्लक काढण्यासाठी संस्थेचे संगणकीकरण झाल्यापासूनच्या, म्हणजे नऊ वर्षांच्या, सर्व व्यवहारांची बेरीज केली जाते. सहा कोटी ओळी दर महिन्याला, प्रत्येक शाखेच्या यादीसाठी, पुन्हा पहिल्यापासून वाचल्या जातात. आपल्या आजोबांच्या पिढीतला कोणताही दिवाणजी असे करत नसे. कीर्दीचे पान भरले की तो खाली बेरीज मांडी, नव्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिही आणि तिथून हिशेब चालू ठेवी. पहिल्या पानापर्यंत मागे जाण्याची वेळ त्याच्यावर फक्त हिशेब जुळेनासा झाला तरच येई. तुमच्या डेटाबेसला नेमके हेच पान हवे आहे. मासिक शिल्लक नावाचे एक टेबल करा, त्यात खाते, महिना आणि अखेरची शिल्लक एवढेच स्तंभ ठेवा आणि महिना बंद करताना ते भरा. मग यादीसाठी मागील महिन्याच्या सव्वा लाख खात्यांच्या ओळी आणि चालू महिन्याचे साधारण साडेपाच लाख व्यवहार वाचले की पुरे. सहा कोटींच्या जागी सात लाख ओळी. इतका फरक कोणतीही रॅम देऊ शकत नाही.

यासाठी एक शिस्त पाळावी लागेल. बंद झालेल्या महिन्यात मागील तारखेची नोंद घालता येणार नाही. दुरुस्ती करायची असेल तर ती चालू महिन्यात उलट नोंद करून करावी. शाखांना सुरुवातीला हे जड जाईल, पण लेखापरीक्षकही हेच सांगतील. वर्षातून एकदा सहा कोटी ओळींची पूर्ण बेरीज करून ती मासिक शिल्लकेशी ताडून पाहावी.

खाते टेबलाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. प्रत्येक व्यवहाराला तिथली शिल्लक बदलते, आणि पोस्टग्रेसमध्ये बदल म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ लिहिणे. ज्या स्तंभावर इंडेक्स आहे तो बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सला हात न लावता हे काम स्वस्तात होते. तुमच्याकडे शिल्लक स्तंभावरच इंडेक्स आहे, बहुधा मोठ्या ठेवीदारांच्या एखाद्या अहवालासाठी केलेला. तो काढा आणि टेबलाचा फिलफॅक्टर ९० करा, म्हणजे प्रत्येक पानावर थोडी जागा मोकळी राहील. जुन्या मृत ओळी ऑटोव्हॅक्यूम उचलतो, पण मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाच्या २० टक्के ओळी मृत होईपर्यंत तो थांबतो. खाते टेबलासाठी हे प्रमाण २ टक्के करा. मृत ओळी केवळ डिस्कवर जागा खात नाहीत, त्या शेअर्ड बफर्समध्येही जिवंत ओळींच्या जागी बसतात. आणि एखाद्या कारकुनाने व्यवहाराचा फॉर्म उघडा ठेवून तासभर जेवायला जावे अशी सोय ॲप्लिकेशनने ठेवली असेल, तर त्या तासात मृत झालेल्या ओळी ऑटोव्हॅक्यूमलाही काढता येत नाहीत. अशा रिकाम्या बसलेल्या व्यवहाराला दहा मिनिटांची मर्यादा घाला.

सभासदांची नावे तुम्ही मराठीत व कन्नडमध्ये अशी दोन्ही ठेवता, हे आपल्या सीमाभागात योग्यच आहे. यूटीएफ-८ मध्ये या दोन्ही लिप्यांचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे नावावरचा सॉर्ट आणि इंडेक्स इंग्रजी नावांपेक्षा बराच जड पडतो आणि भाषेच्या नियमांनी तुलना करायला वेळही अधिक लागतो. यादी खातेक्रमांकाने लावून चालत असेल तर तशी लावा. खातेक्रमांक, शाखा कोड, एजंट कोड अशा स्तंभांना ‘सी’ कोलेशन (बाइटच्या क्रमाने तुलना) द्या, कारण तिथे भाषेच्या नियमांचा प्रश्नच येत नाही.

संध्याकाळी पिग्मी यंत्रांतून रक्कम चढवताना सर्व्हर धापा टाकतो, असेही तुम्ही लिहिले आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये चेकपॉइंट (मेमरीतील बदल डिस्कवरील मूळ फाइलींत उतरवणे) वेळेमुळे होण्याऐवजी वॉल भरल्यामुळे होत असल्याची नोंद दिसेल, तर मॅक्स वॉल साइज १ जीबीवरून ८ जीबीवर न्या. वेग वाढवण्यासाठी एफसिंक, फुल पेज राइट्स किंवा सिंक्रोनस कमिट ही नोंद डिस्कवर पक्की करणारी सेटिंग बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि ऐकू नका. पावसाळ्यात खानापूरकडे वीज कशी जाते हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि निपाणीचा यूपीएसही कधीतरी दगा देऊ शकतो. दिवसभर उन्हातान्हात फिरून गोळा केलेली रोजची पन्नास-शंभर रुपयांची बचत एजंटाने चढवली, त्याला पोच मिळाली आणि ती नोंद डिस्कवर नव्हती, असे एकदाही होता कामा नये.

बफर, ह्यूज पेजेस आणि कनेक्शनची मर्यादा बदलायला डेटाबेस बंद करावा लागतो, म्हणून ते रविवारी करा. वर्क मेम व व्हॅक्यूमचे बदल चालू सर्व्हरवरही लागू होतात. पुन्हा सुरू झाल्यावर कॅशे रिकामा असेल, त्यासाठी सोमवारी शाखा उघडण्यापूर्वी खाते टेबल प्रीवॉर्मने (टेबल आधीच मेमरीत आणणाऱ्या सोयीने) भरून घ्या. (वर्क मेम अपुरे पडले की डिस्कवर होणाऱ्या) तात्पुरत्या फाइलींची नोंद १० एमबीच्या वर सुरू करा आणि आयओ टायमिंगही (डिस्कवर गेलेला वेळ मोजणे) चालू ठेवा. हे सर्व जानेवारीत झाले तर फेब्रुवारीअखेर तुमची खरी चाचणी होईल आणि ३१ मार्चपूर्वी दुरुस्तीला महिना मिळेल. फेब्रुवारीच्या त्या दिवशी लॉगमध्ये अहवाल वापरकर्त्याच्या मोठ्या तात्पुरत्या फाइली दिसल्या, तर फक्त त्याचेच वर्क मेम वाढवा. मासिक शिल्लक टेबल वापरात आल्यानंतरही, सकाळच्या साध्या व्यवहारांच्या वेळेचा मोठा हिस्सा डिस्कवरून वाचण्यात जात असल्याचे आयओ टायमिंगच्या आकड्यांत दिसले, तर तेच आकडे घेऊन १२८ जीबीचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवा.